टायटेनियम-ॲल्युमिनियम एफएसडब्ल्यू: वरून जोड सुबक, हाताने वाकवला की सुटतो

पाव_सूत (प्रश्न)

३ मिमी जाडीचा ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि तेवढ्याच जाडीचा ग्रेड ५ टायटेनियम पत्रा समोरासमोर लावून फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने (एफएसडब्ल्यू: फिरत्या टूलने धातू न वितळवता ढवळून जोडणं) बट जोड करायचा आहे. लांबी १२० मिमी. मशीन तीन अक्षांचं, बीटी४० स्पिंडलचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन).

टूल एच१३ टूल स्टीलचं, कडक केलेलं. शोल्डर (पत्र्यावर दाबून घासणारा रुंद भाग) १५ मिमी, त्याखाली पत्र्यात घुसणारी पिन निमुळती: मुळाशी ५ मिमी, टोकाला ३.५ मिमी, लांबी २.८ मिमी. पत्र्याखाली पाचर देऊन टूलला २ अंशांचा टिल्ट (मागे कल) मिळवलाय. १००० आरपीएम, फीड ६० मिमी प्रतिमिनिट, स्पिंडल घड्याळाच्या दिशेने. पुढे जाताना ॲल्युमिनियम डाव्या हाताला, टायटेनियम उजव्या.

पहिल्या प्रकारात पिनचा मध्य नेमका सांध्यावर ठेवला. ३०-४० मिमी गेल्यावर पिन तुटते, दोन टुलं गेली. जेवढा भाग झाला त्यात ॲल्युमिनियमच्या पोटात टायटेनियमचे चमकदार तुकडे दिसतात आणि तो भाग काचेसारखा तुटतो.

दुसऱ्या प्रकारात पिनचा मध्य ३ मिमी ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवला. पिन टिकली, वरचा पृष्ठभाग अगदी सुबक. पण पत्रा वाईसमध्ये धरून हाताने वाकवला की खालून फटकन उघडतो. टायटेनियमच्या कडेवर मिलिंगच्या मूळ रेघा तशाच दिसतात.

ऑफसेट, म्हणजे पिनच्या मध्याचं सांध्यापासूनचं अंतर, नेमका किती ठेवायचा? टूल कशाचं घ्यायचं? आणि मायक्रोस्कोप हाताशी नसताना जोड बसलाय की नाही हे कसं ओळखायचं?

---

ठोकळा

मिलिंगच्या रेघा शाबूत आहेत म्हणजे तिथे जोड झालेलाच नाही. ॲल्युमिनियम मऊ होऊन टायटेनियमला नुसतं टेकलं आणि थंड झालं. मध्ये टायटेनियमचा ऑक्साइडचा पापुद्रा तसाच राहिला.

६०६१ ला ६०६१ जोडताना पिन दोन्ही बाजू ढवळते. इथे ते होणार नाही. ग्रेड ५ टायटेनियम १६०० अंश से. च्या वर वितळतं आणि ५०० अंशांवरही त्याची ताकद ५०० मेगापास्कलच्या आसपास असते. ६०६१ मात्र ३७० अंशांवरच २५ मेगापास्कलपर्यंत खाली येतं आणि ५८२ अंशांना वितळायला लागतं. म्हणजे टायटेनियम मऊ होईपर्यंत तापवायला गेलात तर ॲल्युमिनियमचं पाणी झालेलं असेल. म्हणून इथे ढवळायचं ते फक्त ॲल्युमिनियम. टायटेनियम नुसतं खरवडायचं, ०.१ ते ०.३ मिमी. पापुद्रा निघून ताजा धातू उघडा पडायला तेवढं पुरतं, कारण गरम ॲल्युमिनियम त्याच क्षणी दाबाखाली त्याच्यावर येऊन बसतं. त्यापेक्षा खोल गेलात की तुकडे निघतात. प्रत्येक तुकड्याभोवती ठिसूळ कवच तयार होतं आणि चीर तिथूनच सुरू होते. तुमच्या पहिल्या प्रकारात हेच झालंय.

आता ऑफसेट. पिनची त्रिज्या २.५, खरवड ०.२, म्हणून मध्य सांध्यापासून २.३ मिमी, असा हिशोब सगळे करतात. पण तुमची पिन निमुळती आहे. मुळाशी त्रिज्या २.५, टोकाशी १.७५. वर ०.२ मिमी खरवडलंत तरी खाली टोकाशी पिन टायटेनियमपासून ०.५५ मिमी लांबच राहील. वरच्या मिलिमीटरभरात जोड बसेल, खालचे दोन मिमी कोरडे, आणि पत्रा नेहमी खालूनच उघडेल.

यावर दोन उपाय. पिन सरळ दंडगोल करा, किंवा टायटेनियमची कड पिनच्या उताराला जुळेल अशी तिरकी तासा. २.८ मिमी उंचीत ०.७५ मिमी म्हणजे कोन साधारण १५ अंश. टायटेनियमची खालची कड वरच्यापेक्षा सुमारे ०.८ मिमी पुढे आलेली हवी, आणि ॲल्युमिनियमची कड त्याच कोनात उलटी तासायची, म्हणजे मध्ये पाचरीसारखी फट राहत नाही. तिरकी कड मला जास्त पसंत आहे, कारण दंडगोल पिनच्या मुळाशी ताण साचतो आणि कार्बाइड असेल तर ती तिथेच मोडते. शिवाय तिरक्या कडेमुळे जोडाचं क्षेत्रफळही थोडं वाढतं.

बाजू बदला. टायटेनियम ॲडव्हान्सिंग बाजूला घ्या, म्हणजे जिथे पिनचा पृष्ठभाग टूलच्या चालीच्या दिशेनेच फिरतो; उलट फिरतो ती रिट्रीटिंग बाजू. स्पिंडल एम०३ वर (घड्याळाच्या दिशेने) असेल तर टूल ज्या दिशेला जातंय तिकडे तोंड करून उभं राहा: डावा हात ॲडव्हान्सिंग, उजवा रिट्रीटिंग. म्हणजे टायटेनियम डावीकडे.

कडेची सफाई त्याच दिवशी करा. टायटेनियमची कड कोरडी मिलिंग करून, ३२० च्या पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसायची. नंतर हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमसाठी वेगळा स्टेनलेसचा वायर ब्रश ठेवा, माइल्ड स्टीलवर वापरलेला चालणार नाही. हायड्रोफ्लोरिक-नायट्रिकची पिकलिंग (आम्लाने सफाई) पुस्तकात असते, पण कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावरचं औषध) आणि ते वापरायचं प्रशिक्षण नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका. या कामाला तिची गरजही नाही, खरवडायचं काम पिन करतेच.

---

मंदगती

ठोकळा यांच्याशी सहमत. टूल आणि मशीनबद्दल माझी भर.

टायटेनियमला स्पर्श होणार असेल तर एच१३ चालणार नाही. ५५०-६०० अंशांच्या पुढे ते मऊ पडतं, आणि गरम टायटेनियम स्टीलला चिकटून ओढतं. टंगस्टन-ऱ्हेनियम उत्तम, पण त्याच्या किमतीत बरंच काही येतं. इतक्या हलक्या खरवडीला १० ते १२ टक्के कोबाल्टचं बारीक कणांचं टंगस्टन कार्बाइड पुरतं. त्यासाठी नवी कांडीही नको. तुटक्या ६ मिमी सॉलिड कार्बाइड एंडमिलची शँक घ्या, साधारण त्याच ग्रेडची असते आणि व्यास मायक्रॉनमध्ये अचूक. डायमंड व्हीलवर निमुळती घासून मुळाशी ६, टोकाला ४.४ मिमी ठेवा, कोन तोच १५ अंशांचा राहतो. बाजूला तीन सपाट पैलू पाडा, प्रत्येकी ०.३ मिमीच्या आसपास खोल. कार्बाइडवर आटे पाडणं जिकिरीचं असतं आणि आट्याच्या खाचेतूनच ती मोडते. शोल्डर एच१३ चंच राहू द्या, मधोमध ६ मिमीचं रीमर मारलेलं भोक आणि बाजूने दोन ग्रब स्क्रू. पिन तुटली तर पाच मिनिटांत बदलता येते.

रनआउट (फिरताना पिन किती डगमगते ते) डायलने बघा. पिनवर ०.०२ मिमीपेक्षा जास्त नको. तुमची खरवडच ०.२ ची आहे, त्यात ०.०५ चा रनआउट म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एकदा जोरात आणि एकदा हलकेच. कार्बाइडला ते टोले सोसत नाहीत.

पिनची लांबी तपासा, तुमची आखूड आहे. टिल्ट २ अंश आणि शोल्डर १५ मिमी, म्हणून शोल्डरची मागची कड मध्यापेक्षा ७.५ गुणिले ०.०३४९, म्हणजे ०.२६ मिमी खाली असते. मागची कड पत्र्यात ०.१५ मिमी बुडवली तर शोल्डरचा मध्य पत्र्याच्या ०.११ मिमी वर राहतो. तिथून २.८ मिमीची पिन २.६९ पर्यंतच पोचते आणि तळाला ०.३ मिमी न ढवळलेलं राहतं. पिन २.९५ मिमी करा. टिल्टमुळे टोकाची मागची कड अजून ०.०८ खाली जाते, म्हणजे बॅकिंग प्लेटपासून ०.१ मिमी अंतर सुटतं. ते बरोबर आहे.

आता ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ते. पिन ॲल्युमिनियममध्ये आहे, पण शोल्डर? त्याचा जवळपास ५ मिमीचा भाग टायटेनियमच्या डोक्यावर येतो. तो तिथे घासला की एच१३ झिजतं, टायटेनियम निळं-जांभळं होतं आणि टूल एका बाजूला ढकललं जाऊन ऑफसेट बिघडतो. म्हणून टायटेनियमच्या कडेला ६ मिमी रुंद आणि ०.२ मिमी खोल पायरी मिल करून घ्या, १५ अंशांची कड त्यानंतर तासा. शोल्डर ॲल्युमिनियममध्ये ०.१५ बुडतं, टायटेनियम ०.२ खाली आहे, म्हणजे स्पर्श नाही. ॲल्युमिनियमखाली ०.२ ची शिम (पातळ पट्टी) टाकूनही हे साधतं, पण मग तळाला पायरी येते आणि टायटेनियमचा खालचा ०.३ मिमी कोरडा राहतो. पायरीवर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा पसरलेला दिसेल. तो जोड नव्हे, कानशीने काढून टाका.

यामुळे ऑफसेटचा आकडा किंचित बदलतो. टायटेनियमची वरची कड आता शोल्डरच्या मध्यापासून ०.३१ मिमी खाली आहे, तिथे पिनची त्रिज्या ३.० नसून २.९२ आहे. ०.२ खरवड हवी तर मध्य टायटेनियमच्या वरच्या कडेपासून २.७ मिमीवर.

तीन अक्षांच्या मशीनवर पाचर लावली असेल तर पत्रा कुठल्या बाजूला उतरतोय ते बघा. टूल नेहमी उतारावरून खाली जायला हवं, म्हणजे शोल्डरची पुढची कड मोकळी राहते आणि मागची दाबते. उलटं लावलं तर पुढची कड नांगरासारखी माती उकरत जाईल. आणि एक्ससोबत झेड चालवावाच लागतो. २ अंशांना दर १०० मिमीला ३.४९ मिमी, म्हणजे १२० मिमीच्या जोडाला ४.१९. कोड साधा आहे: जी९१ जी०१ एक्स१२० झेड-४.१९ एफ८०. सुरुवातीला वायही हलवायचाय, त्यामुळे तो तुकडा वेगळा लिहा आणि झेड त्या प्रमाणात वाटून द्या.

सुरुवात सांध्यावर करू नका. टायटेनियमची कड वाय० धरली, टायटेनियम कॉलमच्या बाजूला आणि टूल एक्स+ कडे जातंय असं समजा. वाय-४.५ वर, म्हणजे पूर्ण ॲल्युमिनियममध्ये, ५ मिमी प्रतिमिनिटाने पिन उतरवा. आधी तिथे ४ मिमीचं २.५ मिमी खोल भोक पाडून ठेवलं तर उतरवतानाचा जोर खूप कमी होतो. शोल्डर टेकल्यावर ५ ते ८ सेकंद थांबा. मग पुढच्या १५ मिमीत वाय-४.५ वरून वाय-२.७ वर तिरकं आणा. हे १५ मिमी आणि शेवटचं पिनचं भोक, दोन्ही कापून टाकायचे. म्हणून पत्रे १२० ऐवजी १६० चे घ्या आणि शेवटी टूल पुन्हा ॲल्युमिनियमच्या बाजूला वळवून बाहेर काढा.

व्हीएमसीच्या प्रकृतीबद्दल: ३ मिमी ६०६१ मध्ये उतरवताना साधारण ६ ते १० किलोन्यूटन झेडवर येतात, चालताना त्याहून कमी. मशीनच्या मॅन्युअलमध्ये झेडचा सततचा थ्रस्ट किती लिहिलाय ते बघा. स्पिंडल बेअरिंग आडव्या कापणीसाठी केलेली असतात, तासन्‌तास उभ्या दाबासाठी नव्हे. चाचणीचे दहा-वीस तुकडे ठीक, रोजचं उत्पादन या मशीनवर नको.

---

सूक्ष्मदर्शी

मायक्रोस्कोपशिवाय ओळखायची पद्धत विचारलीत, ती आधी.

जोडाचा १५ मिमी रुंद आडवा तुकडा कापा. १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात टाका. ॲल्युमिनियम विरघळून जाईल, टायटेनियमला काही होत नाही. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे उघड्यावर, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, भांडं प्लॅस्टिकचं, आणि ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नाही. एक-दोन तासांनी टायटेनियमची कड धुऊन दहा पट भिंगाखाली बघा. जिथे पिनच्या गोल खरवडीच्या ताज्या रेघा दिसतात तिथे पिन पोचली. जिथे मिलिंगच्या जुन्या रेघा दिसतात तिथे नाही. वरपासून खालपर्यंत सलग खरवड दिसेपर्यंत ऑफसेट ०.०५ ने सरकवत राहा. हे एवढं केलंत तर अर्ध्याहून जास्त प्रश्न संपतात. आरपीएमशी खेळायचं ते त्यानंतर.

तोडलेल्या तुकड्यावरूनही बरंच कळतं. टायटेनियमचा चेहरा चकचकीत असेल तर जोड नाहीच. मळकट राखाडी आणि त्यावर ॲल्युमिनियमचे ओढलेले, केसाळ अवशेष असतील तर जोड चांगला होता आणि ॲल्युमिनियम फाटलंय. राखाडी पण सपाट, अवशेष नाहीत, आवाज करून तुटलं, असं असेल तर उष्णता जास्त झाली आणि थर जाड झाला.

हा थर म्हणजे टायटेनियम ट्रायॲल्युमिनाइड, एका टायटेनियमला तीन ॲल्युमिनियम. या दोन धातूंमध्ये सहसा हाच आधी तयार होतो. तो ठिसूळ आहे, पण शून्य करायचा नाही. थर अजिबात नसेल तर रासायनिक बांधणीच नाही आणि जोड नुसता चिकटलेला असतो. तो एक्स-रेमध्येही सापडत नाही, कारण फटीला जाडीच नसते. एखाद-दोन मायक्रॉनपर्यंत उत्तम, ५ मायक्रॉनच्या पुढे गेला की तिथूनच तुटणार. जाडी ठरते तापमान आणि वेळ यांवर. १५ मिमीचं शोल्डर ६० मिमी प्रतिमिनिटाने एखाद्या बिंदूवरून जायला १५ सेकंद घेतं, १२० ने साडेसात. त्यामुळे थर जाड वाटला तर आधी फीड वाढवा, आरपीएम नंतर कमी करा. ६०६१ मध्ये ०.४ ते ०.८ टक्के सिलिकॉन असतं, ते सांध्यापाशी जमून या थराची वाढ रोखतं. या बाबतीत तुमचं मिश्रधातू सोयीचं आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टायटेनियम ग्रेड ५ ची उष्णतावाहकता ६.७, ६०६१-टी६ ची १६७ वॅट प्रतिमीटर केल्विन. म्हणजे पंचवीस पट फरक. ॲल्युमिनियम उष्णता खेचून नेतं, टायटेनियमच्या बाजूला ती कडेपाशीच कोंडते. बाहेरून हात लावून टायटेनियम गार लागलं म्हणून सांधा गार आहे असं समजू नका.

मायक्रोस्कोप मिळाला तर रचना उठून दिसायला लावायची आम्लद्रावणं: टायटेनियमसाठी क्रोल (९२ मिली पाणी, ६ नायट्रिक, २ हायड्रोफ्लोरिक), ॲल्युमिनियमसाठी केलर. एकाच तुकड्यावर दोन्ही करायचे तर पॉलिश करतानाच अडचण येते. टायटेनियम ३४०-३५० विकर्स (कडकपणाचं माप), ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं किंवा त्याहून कमी, म्हणून मऊ बाजू खोलगट होते आणि सांध्यावर सावली पडते. ती सावली म्हणजे फट असं समजून लोक रिपोर्ट लिहितात. शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिकाने, कडक कापडावर.

ताकदीची अपेक्षाही नीट ठेवा. ६०६१-टी६ ची मूळ ताकद ३१० मेगापास्कल, पण स्वतःलाच एफएसडब्ल्यूने जोडलं तरी उष्णतेने टी६ चा (उष्णताप्रक्रियेने दिलेला) कडकपणा जाऊन ती ६५ ते ८० टक्क्यांवर येते. २०२४-टी३ (दुसरा एक ॲल्युमिनियम मिश्रधातू) आणि ग्रेड ५ च्या बट जोडाला २०२४ च्या ७३ टक्के मिळाल्याचं प्रसिद्ध आहे. तुम्हाला २०० ते २२० मिळाले आणि तुकडा सांध्यावर न तुटता ॲल्युमिनियमच्या मऊ पट्ट्यात तुटला, तर काम झालं. वाकवून बघण्यावर फार विसंबू नका. टायटेनियम ताठ असल्याने सगळा वाक सांध्याशेजारच्या दोन-तीन मिमी ॲल्युमिनियममध्येच होतो आणि चांगला जोडही वाईट दिसतो. ओढून बघा.

---

शून्य_सहा_एच

ॲडव्हान्सिंग बाजूबद्दल थोडा विरोध नोंदवतो. ऑफसेट इतका असेल की टायटेनियम फक्त खरवडलं जातंय, तर कड म्हणजे एक न हलणारी भिंत. मग ती डावीकडे की उजवीकडे याने काय बिघडतं? पोकळी ॲडव्हान्सिंग बाजूला होते हे सगळ्यांना माहीत आहे. तिथेच भिंत उभी केली तर पोकळी नेमकी सांध्यावर येईल.

---

ठोकळा

मुद्दा रास्त आहे, आणि दोन्ही मांडण्यांनी चालणारे जोड झालेले आहेत. तरी टायटेनियम डावीकडेच का, ते सांगतो.

पिन ॲल्युमिनियमला पुढून उचलून रिट्रीटिंग बाजूने मागे नेते आणि टाकते. टायटेनियम रिट्रीटिंग बाजूला असेल तर हा प्रवाह पिन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जायला बघतो, आणि ती जागा तर आपण शून्य केलीय. मग माल वर, शोल्डरखाली ढकलला जातो आणि फ्लॅश म्हणून बाहेर पडतो. मागे भरायला उरत नाही. टायटेनियम ॲडव्हान्सिंग बाजूला असेल तर प्रवाहाची वाट पूर्ण ॲल्युमिनियममधून आहे, मोकळी. पोकळीचा धोका तुम्ही म्हणता तसा सांध्याजवळ येतो हे खरं, पण ती दाब आणि फीड यांनी बुजवता येते. दुसऱ्या मांडणीत फ्लॅश थांबवता येत नाही.

दुसरं कारण खरवडीचं. ॲडव्हान्सिंग बाजूला पिनचा पृष्ठभाग आणि टूलची चाल एकाच दिशेला असतात, आणि पिन टायटेनियमचे बारीक कण पुढच्या, अजून न ढवळलेल्या ॲल्युमिनियमकडे फेकते. तिथे ते विखुरतात, सांध्यावर साचत नाहीत.

---

जोडकाम

बट जोडच हवा असं नसेल तर लॅपचा (पत्रे एकावर एक ठेवून जोड) विचार करा, निम्मी डोकेदुखी जाते. ॲल्युमिनियम वर, टायटेनियम खाली. पिनचं टोक टायटेनियमला जेमतेम लागेल इतकंच, ० ते ०.१ मिमी. जास्त घुसवलं तर टायटेनियमचा वर वळलेला आकडा तयार होतो. तो वरच्या पत्र्याची जाडी खातो आणि थकव्याला तिथूनच चीर जाते.

पण लॅपमध्ये सगळा खेळ झेडच्या ०.०५ मिमीचा आहे, आणि इथे व्हीएमसी फसवतं. थंड असताना टूल टेकवून शून्य घेतलं, तर चालताना दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध होतात. दाबाने हेड उचललं जातं, हलक्या मशीनवर ०.१ ते ०.२ मिमी. आणि टूल तापून लांब होतं. ६० मिमी बाहेर आलेलं एच१३ टूल सरासरी २०० अंशांनी तापलं तर साधारण ०.१३ ते ०.१५ मिमी वाढतं. सुरुवातीला उथळ आणि शेवटी खोल असा जोड म्हणूनच येतो. एफएसडब्ल्यूच्या मशीनवर खोलीऐवजी दाब स्थिर ठेवतात ते याचसाठी. तुमच्याकडे ती सोय नाही. म्हणून टूल शक्य तितकं आखूड धरा, एका भंगार पत्र्यावर ५० मिमी चालवून तापवून घ्या आणि लगेच खरा जोड घ्या. झेडची दुरुस्ती भिंगाखाली कापलेला तुकडा बघूनच करा.

वेगळ्या धातूंचा लॅप उत्पादनात टिकतो याचा दाखला होंडाचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या २०१३ च्या अकॉर्डच्या पुढच्या सबफ्रेममध्ये त्यांनी स्टील आणि ॲल्युमिनियम याच पद्धतीने जोडलं आणि सबफ्रेमचं वजन २५ टक्क्यांनी उतरवलं. ते टायटेनियम नव्हे, पण तत्त्व तेच: मऊ धातू वर, पिन कडक धातूला हलकी लागलेली.

आणि गोल दांडे किंवा नळ्या जोडायच्या असतील तर एफएसडब्ल्यूच्या मागे लागू नका, रोटरी फ्रिक्शन वेल्डिंग सोपं पडतं. मोठ्या सपाट तुकड्यांना स्फोटाने जोडलेल्या टायटेनियम-ॲल्युमिनियम पट्टीचा मधला तुकडा वापरता येतो, दोन्ही बाजूंना आपापल्या धातूला नेहमीसारखं वेल्ड.

गंजाचं कुणी बोललं नाही. टायटेनियमशेजारी ओलाव्यात ॲल्युमिनियमच झिजतं, आणि मिठाच्या हवेत, म्हणजे कोकणपट्टीत किंवा बोटीवर, फार लवकर. सांध्यावर प्रायमर आणि सीलंट लागतोच. रंग टायटेनियमच्या बाजूला जास्त रुंद पट्ट्यात मारा. फक्त ॲल्युमिनियम रंगवलं आणि रंगाला एक ओरखडा गेला, तर मोठ्या टायटेनियमची सगळी भूक त्या एका ओरखड्यावर निघते आणि आरपार भोक पडतं.

---

पाव_सूत

कड १५ अंश तासली, पायरी केली, कार्बाइड पिन २.९५ ची, टायटेनियम डावीकडे, ऑफसेट २.७. ८०० आरपीएम, फीड १२०. कॉस्टिकमध्ये बघितलं तर खरवड वरपासून खालपर्यंत सलग आहे. ओढल्यावर १४० मेगापास्कल. पण कापलेल्या तुकड्यात तळापासून पाऊण मिमी वर, टायटेनियमला लागून एक बारीक बोगदा आहे, जोडभर सलग. सोडवल्यावर पत्रा केळ्यासारखा वाकतो तो वेगळाच.

---

मंदगती

बोगदा म्हणजे मागे माल पुरेसा येत नाही. फीड ८० वर आणा, आरपीएम ८००च राहू द्या. तेवढ्याने गेला नाही तर शोल्डरची मागची कड ०.१५ ऐवजी ०.२ बुडवा, पण मग टायटेनियमची पायरी ०.२५ करायला विसरू नका. पैलू घिसले असतील तर पिन माल खाली नेत नाही, तेही बघा. आणि सांध्यातली फट फिलर गेजने तपासा. दोन्ही कडा तिरक्या असल्या की कोनात अर्ध्या अंशाचा फरकही तळाला फट ठेवतो, आणि तेवढा माल कुठून तरी कमी पडतोच. ०.१ ची पाती जात असेल तर कड पुन्हा तासा. क्लॅम्पही बाजूने लावा. टायटेनियमच्या मागे पक्का ठोकळा आणि ॲल्युमिनियमच्या मागून स्क्रूने दाब. टायटेनियमला डायल लावून ठेवा, चालताना काटा ०.०५ पेक्षा जास्त हलला तर ऑफसेटचा आकडा नुसता कागदावरचा.

---

सूक्ष्मदर्शी

वाकण्याचं कारण प्रसरण. ॲल्युमिनियम दर अंशाला २३.६, टायटेनियम ८.६ मायक्रोमीटर प्रतिमीटर. १५० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना १२० मिमी लांबीत दोघांत ०.२ मिमीच्या वर फरक पडतो. क्लॅम्प गरम असताना सोडू नका, पत्रा ५०-६० अंशांखाली येऊ द्या. थोडा वाक तरीही राहणारच.

टी६ परत आणायला सोल्यूशनिंग करू नका. ५३० अंशांवर थर झपाट्याने वाढेल आणि पाण्यात बुडवताना सांधा स्वतःच सुटेल. नुसतं एजिंग करता येतं, १६० ते १७५ अंश, ८ ते १८ तास. त्या तापमानाला थर वाढत नाही आणि मऊ पट्ट्याची थोडी कडकी परत येते.

---

ठोकळा

पिनवर चिकटलेलं ॲल्युमिनियम पेपरने घासू नका, पैलूंच्या कडा जातात. तोच कॉस्टिक सोडा, रात्रभर. ग्रब स्क्रू काढून फक्त कार्बाइडची पिन बुडवा. आणि मशीनखालच्या ट्रेमधल्या टायटेनियमच्या बारीक चिप्स रोज वेगळ्या काढा. त्या पेटतात, पेटल्यावर पाणी मारलं तर भडकतात. कोरड्या वाळूची बादली जवळ असू द्या.